पंधरा तुकडे, सोळा पायऱ्या

पैज लागली तिसऱ्या मजल्यावर, बाईंच्या दारात. लावली अर्थात मीच. आमच्या बिल्डिंगमध्ये आजवर जेवढ्या फालतू पैजा लागल्या, त्यातल्या निम्म्या मी लावल्यात आणि उरलेल्या निम्म्या माझ्यामुळे लागल्यात.

मी पेंटर. भिंती रंगवणारा नव्हे, पाट्या रंगवणारा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे गाडी लावू नये' वगैरे. त्या दिवशी बाईंच्या दारावरचं पुसट झालेलं नाव पुन्हा काढून देत होतो. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून सहा महिने जिना उतरल्या नव्हत्या. दार सताड उघडं टाकून खुर्चीत बसायच्या आणि जिन्यावरून कोण गेलं, कोण आलं, कोणाचं तोंड वाकडं होतं, सगळ्याची हजेरी घ्यायच्या.

खालून मिक्सर वर येत होता. राहायला चौथ्या मजल्यावर. रंगाच्या कारखान्यात ड्रम ओतून रंग कालवायचं काम, म्हणून मिक्सर. हातात एक कागद, चेहरा पडलेला आणि ओठ हलत होते.

"कोणाला शिव्या देतोयस रे?" मी विचारलं.

"वाच," म्हणून त्याने कागद माझ्या नाकापुढे धरला.

इंग्रजीत चार ओळी. मी तिसरी वाचायला घेतली. "डायइथिलीन ग्लायकॉल मोनो… मोनोब्युटाइल ईथर ॲसिटेट." दोनदा ठेच लागली. "हे नाव आहे का मालगाडी?"

"माझ्या ड्रमचं नाव आहे."

"बावीस वर्षं ओततोयस आणि नाव आत्ता विचारतोयस? लग्न ठरवताना विचारायचं असतं ते."

बाई हसल्या. मिक्सर हसला नाही. जिन्याच्या कठड्याला टेकून त्याने सांगितलं ते असं. कारखान्यात सुरक्षेची नवी मॅडम आली होती. पंधरा दिवसांनी मिक्सिंगच्या खोलीतल्या प्रत्येकाची परीक्षा. ड्रमपुढे उभं राहायचं, त्यावरचं नाव मोठ्याने सांगायचं. येईल तो राहील, नाही येणार त्याने गोदामात जाऊन डब्यांना झाकणं ठोकायची.

"मग ठोक की झाकणं. कमी डोकेदुखी."

"आणि निळा?" तो म्हणाला.

तो निळा आम्हाला सगळ्यांना माहीत होता. कारखान्याचा सगळ्यात जास्त खपणारा रंग, आणि तो फक्त याच्या हातून बरोबर उतरायचा. मी स्वतः पाट्यांना तोच वापरतो. घरी याला कोणी विचारत नव्हतं, मुलगी लग्न करून लांब गेलेली, बिल्डिंगच्या मीटिंगला हा गेला काय न गेला काय. पण त्या खोलीत साहेबसुद्धा याला विचारून झाकण उघडायचा. 'निळा दुसरा कोणी करेल' हे त्याने अशा आवाजात सांगितलं, की जसं काही त्याच्या ताटात दुसरा कोणी हात घालणार होता.

त्याला इंग्रजी अक्षरं ओळखू यायची, पण तिसऱ्या अक्षरापुढे गाडी घाटात लागायची. आता अशा माणसाला धीर दिला तर तो जास्तच खचतो. त्याला डिवचावं लागतं.

"सोड रे," मी म्हणालो. "तुझ्याच्याने नाही होणार. परीक्षेच्या दिवशी हे तिसरं नाव एका दमात, न अडखळता म्हणून दाखवलंस तर मी हरलो. लाव पैज."

"कशावर?"

"मी सांगते," बाई खुर्चीतून म्हणाल्या. "हरेल त्याने सकाळी आठ वाजता गेटपाशी उभं राहायचं. डोक्यावर बादली पालथी घालून. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, 'मी दीडशहाणा आहे.' आणि सगळी बिल्डिंग खाली उतरल्याशिवाय बादली काढायची नाही."

"मंजूर!" मी म्हणालो. मिक्सरने नाइलाजाने माझ्या हातावर टाळी दिली.

खरं सांगतो, मला हरायचंच होतं. आयुष्यभर ज्या खोड्या केल्या त्यात हेतू चांगला असलेली ही एकच, आणि तीच अंगाशी आली.

शिकवायचं कसं, हा प्रश्न माझ्यासाठी प्रश्नच नव्हता. लांब नाव छोट्या पाटीवर बसवायचं तर ते तोडावं लागतं, आणि कुठे तोडायचं हे ज्याला कळतं त्याचं घर चालतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिक्सरला खालच्या पायरीवर उभं केलं.

"चार ड्रम ना? ठेवलेत कसे?"

"एका रांगेत. दारापासून भिंतीपर्यंत. बावीस वर्षं तीच रांग."

"आणि आपले मजले किती? चार. झालं तर मग! पहिला ड्रम पहिला मजला, दुसरा दुसरा. एक तुकडा, एक पायरी. नाव वाचायचं नाही, चढायचं."

आमच्या जिन्याला मजल्यामागे सोळा पायऱ्या. पहिलं नाव मिथाइल आयसोब्युटाइल कीटोन, आठ तुकडे, म्हणून एक पायरी सोडून एक. दुसऱ्याचे चौदा. तिसरी ती आपली मालगाडी. डाय, इ, थि, लीन, ग्लाय, कॉल, मो, नो, ब्यु, टाइल, ई, थर, ॲ, सि, टेट. पंधरा तुकडे, सोळा पायऱ्या. पहिली पायरी श्वास भरून घ्यायला, बाकीच्या नावाला. शेवटच्या 'टेट'ला पाय बरोबर बाईंच्या दारात. आणि चौथं हेक्सामिथिलीन डायआयसोसायनेट, दहा तुकड्यांचं. उरलेल्या सहा पायऱ्या धापा टाकायला.

चार दिवसांत सगळ्या बिल्डिंगला पाठ झालं. खालच्या मजल्यावरची पोरं शाळेत जाताना 'ब्यु-टाइल, ब्यु-टाइल' करत उड्या मारायची. वहिनी, म्हणजे मिक्सरची बायको, वरून ओरडायची, "भाऊजी, जेवण गार झालं, तुमचा विद्यार्थी अजून दुसऱ्याच मजल्यावर आहे का?" मिक्सर घाम पुसत चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. हसायलाही लागला होता.

फक्त बाई कुरकुरायच्या. "अरे पेंटर, हे पाठांतर झालं. त्याला अक्षरं शिकव. कागद समोर ठेव."

"बाई, पंधरा दिवसांत अक्षरं कुठून शिकवू? तुम्ही पन्नास वर्षं शिकवलंत, मला आली का?"

"तुला आली नाहीत कारण तू बाकाखाली बेडूक सोडत होतास."

मी हसलो. बाईंचं बरोबर होतं, पण माझी आयडिया जास्त मजेची होती. मजेची गोष्ट आणि बरोबर गोष्ट समोरासमोर आल्या की मी कोणती उचलतो हे माझ्या बायकोला विचारा.

दहाव्या दिवशी मला राहवलं नाही आणि मी एक उद्योग केला. एक अंडं आठवडाभर मागच्या खिडकीत उन्हात ठेवलं होतं. ते फडक्यात गुंडाळून आमच्या दुसऱ्या मजल्यावर मीटरच्या पेटीमागे अडकवलं आणि हलकेच फोडलं. नेमकं तिथेच तिसऱ्या नावाची पहिली पायरी होती. म्हणजे मिक्सर तिथे उभा राहून छाती भरून श्वास घेणार, आणि मग जे काय तोंडातून निघेल ते एका दमात निघेल, फक्त ते इंग्रजी नसेल.

असा वास सुटला म्हणून सांगू! माझी बायको नाकाला पदर लावून दार आपटून आत गेली. पोरं किंचाळत खाली पळाली. वरून बाई ओरडल्या, "पेंटर! हे तूच!" मी दाराआड, रुमाल नाकावर दाबून, हसू दाबून उभा.

मिक्सर आला. त्या पायरीवर थांबला. डोळे मिटले. छाती भरून, पोट फुगेपर्यंत श्वास घेतला. आणि डाय, इ, थि, लीन, एकेक पायरी चढत न अडखळता 'टेट'पर्यंत गेला.

वर पोचून ओरडला, "जमलं! पेंटर, ऐकलंस? एका दमात!"

माझं हसू तसंच तोंडात राहिलं, गिळताही येईना.

सगळे आपापल्या घरात गेल्यावर मी अंडं काढून फेकलं आणि फडकं हातात घेऊन मिक्सरशेजारी पायरीवर जाऊन बसलो. "नाक चोंदलंय का तुझं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. फडक्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि त्याला कळलं.

"फार घाण होता का वास?"

"मेलेला माणूस उठून गेला असता."

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "आधी फोडणीचा गेला. मग साबणाचा. मग सगळेच. हिला सांगितलेलं नाही. भाजी करपली तरी मी छान म्हणतो, तिला वाटतं मी सुधारलो."

"आणि कारखान्यात?"

"तिथे रांग आहे ना. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पूर्वी मी नाकाने ओळखायचो. झाकण उघडलं, एकदा हुंगलं, की काय आहे, चांगला आहे का उतरलाय, सगळं कळायचं. साहेब म्हणायचा, याचं नाक म्हणजे मशीन आहे." त्याने नाकाच्या शेंड्यावरचा घाम पुसला. "आता रांगेवर चाललंय. म्हणून तर हे शिकतोय, पेंटर. नाक गेलं, आता निदान नाव तरी यायला पाहिजे. नाहीतर एक दिवस भलतंच ओतेन."

हे ऐकल्यावर तरी मी त्याला कागद समोर धरून अक्षरं शिकवायला बसायला हवं होतं. नाही बसलो. पाच दिवस उरले होते आणि नाव तर जमलं होतं. उलट मी म्हणालो, "एखाद्या रिकाम्या ड्रमचा कागद आण, लांबी-रुंदी बघू, डोळ्याला सवय होईल."

त्याने चौथ्या ड्रमचा आणला. ओला करून, जपून सोललेला. वर ते मोठं नाव, मध्ये चिन्हं, आणि खाली बारीक लाल अक्षरांत चार ओळी. पाट्या करून करून मला इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येतं. मी वाचलं. वाफ श्वासावाटे घेऊ नये. नाक, घसा आणि फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. मास्क घातल्याशिवाय झाकण उघडू नये.

"तुमच्याकडे मास्क असतात का?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"असतात की, खिळ्याला टांगलेले. पण ते लावून पूर्वी वास कसा आला असता? वास नाही आला तर ओळखायचं कसं? म्हणून कधी लावलेच नाहीत." मग माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाला, "खाली बारीक काय लिहिलंय?"

बावीस वर्षं. दिवसातून चार-पाच वेळा. ज्याला हुंगू नये असं त्याच्या अंगावरच लिहिलं होतं, त्याला हा हुंगून ओळखत होता.

मी आयुष्यात कधी तोंड बंद ठेवलेलं नाही. त्या दिवशी ठेवलं.

"कंपनीचा पत्ता आहे," मी म्हणालो आणि कागदाची घडी घातली.

मला वाटलं, परीक्षा होऊ दे. पास होऊ दे. मग कधीतरी निवांत सांगू. घाबरवून उपयोग काय?

परीक्षेच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून उतरला. पोरांनी जिन्यात दोन्ही बाजूंना उभं राहून 'ब्यु-टाइल' म्हणून निरोप दिला. संध्याकाळी मी हार पत्करायची तयारी करून, बादली धुऊन ठेवून बसलो होतो.

तो आला तो नेहमीच्या वेळेच्या आधीच आला, आणि वर गेलाच नाही. दुसऱ्या मजल्यावर त्या श्वासाच्या पायरीवर बसला. मी बाहेर आलो.

"काय झालं?"

"म्हटलं," तो म्हणाला. "एका दमात. न अडखळता. मॅडम म्हणाली, तुमच्याइतका स्वच्छ उच्चार कोणाचाच नाही."

"मग?"

"काल संध्याकाळी परीक्षेसाठी फरशी धुतली. ड्रम बाहेर काढले होते. हमालांनी परत ठेवताना तिसऱ्याच्या जागी चौथा आणि चौथ्याच्या जागी तिसरा ठेवला." तो अगदी सपाट आवाजात सांगत होता. "मी तिसऱ्या जागेपुढे उभा राहिलो. पाय जागच्या जागी उचलत होतो, पायऱ्या चढल्यासारखे. सगळे हसत होते. मग मी म्हणायला लागलो तसे गप्प झाले. पूर्ण म्हटलं. मॅडम म्हणाली, फार छान. पण हा तो ड्रम नाही."

मी खाली बसलो.

"ती म्हणाली, वाचा. मी बघितलं. मुंग्या दिसत होत्या नुसत्या. ती म्हणाली, वाचता येत नाही तर हा कोणता ते रोज कसं ओळखता? आणि पेंटर, माझा हात आपोआप गेला. झाकण काढलं आणि नाक घातलं. सवय. ती किंचाळली. मला खांद्याला धरून मागे ओढलं. पोरीच्या वयाची आहे ती. मग तिने खालचं बारीक मला वाचून दाखवलं. मराठीत सांगितलं."

त्याने इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण काढलं.

"सगळ्यांसमोर विचारलं, कसला वास आला? मी म्हटलं, मला वास येत नाही." त्याने माझ्याकडे मान वळवली. "गोदामातही नको म्हणाले. कुठेच नको. उद्यापासून येऊ नका, डॉक्टरला दाखवा. निळा त्यांनी दुसऱ्याला दिला. तिथल्या तिथे."

"अरे…"

"तू वाचलं होतंस ना?"



"वाचलं होतं," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, जशी बाजारात भाव ऐकून हलवतात. उठला आणि वर गेला. त्या सोळा पायऱ्या तो चढताना मी मोजत होतो. तोंडातून आवाज नव्हता, पण पाय तुकड्यातुकड्याने पडत होते.

चार दिवस तो दिसला नाही. वहिनी खाली यायची, भाजी आणायची, माझ्याकडे न बघता जायची. आता तिला सगळं माहीत होतं. करपलेल्या भाजीचंसुद्धा. एकदा मी 'वहिनी' अशी हाक मारली, तर म्हणाली, "आता काय शिकवायचं राहिलंय, भाऊजी?" आणि वर गेली.

मी बाईंकडे गेलो. त्यांनी चहा विचारला नाही.

"पैजेचं काय करू?" मी विचारलं. दुसरं काय विचारावं सुचेना.

"पैज काय होती? एका दमात, न अडखळता. त्याने म्हटलं. तो जिंकला," बाई म्हणाल्या. "तू हरलास. हरलेल्याने काय करायचं ते ठरलंय."

"त्याला अजून लाजवल्यासारखं नाही का होणार?"

"त्याला?" बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुला अजून असंच वाटतं का, की बादली तू घालशील आणि लाज दुसऱ्याला वाटेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी गेटपाशी उभा राहिलो. बादली माझीच, कामाची. कितीही धुतली तरी रंग पातळ करायच्या रसायनाचा वास आतून जात नाही. ती पालथी घातली आणि सुरुवात केली.

"मी दीडशहाणा आहे."

पोरं आधी खूप हसली. एकाने बादलीवर टिचकी मारली, डोक्यात घंटा वाजली. "काका, अजून एकदा!" म्हटलं अजून एकदा. शिंपी गेला, कंपाउंडर गेला, नवराबायको भांडत गेली आणि माझ्यापाशी येऊन गप्प झाली. माझी बायको गेली, ती म्हणाली, "हे तर मी वीस वर्षं सांगतेय." पण हळू म्हणाली. हळूहळू हसणं संपलं. लोक बाजूने चपला ओढत, न बोलता जायला लागले. नऊ वाजले असतील. दहा. ऊन बादलीच्या पत्र्यावर आलं. आत माझाच श्वास माझ्या तोंडावर येत होता. मला कळत होतं, की राहिलाय तो एकच, आणि त्याला खाली उतरायचं काही कारणच उरलेलं नाही.

बादलीत दिसत नाही, म्हणून ऐकू जास्त येतं. वर कुठेतरी दार वाजलं. पावलं. चौथा मजला. तिसरा, बाईंच्या दारात थोडा वेळ थांबली. मग पुन्हा सुरू झाली, सावकाश, एकेक. मी मोजत होतो. पंधराव्यानंतर थांबली. ती श्वासाची पायरी. उतरतानाही तो तिथे थांबला. मग पुढे.

पावलं माझ्यासमोर येऊन थांबली.

"मी दीडशहाणा आहे," मी म्हणालो.

मी बादलीचा काठ दोन्ही हातांनी धरला.

"मी दीडशहाणा आहे. मी वाचलं होतं आणि सांगितलं नाही."

"ते पैजेत नव्हतं," मिक्सर म्हणाला.

मग चपला घासल्याचा आवाज झाला. तो गेला की काय मला कळेना. मग त्याचा आवाज खालून आला, शेवटच्या पायरीवर बसल्यासारखा.

"बादलीत वास येतोय का?"

"येतोय."

"कसा येतोय?"

"गोडसर आहे. आधी गोड वाटतो, मग मागून नाकात चावतो. डोळ्यात पाणी आणतो."

"थंड लागतो का घशाला?"

मी श्वास घेतला. "हो. थोडा."

"पहिला ड्रम," तो म्हणाला.

मी बादलीला हात लावला. वाटलं, झालं आता, सगळे उतरले. त्याचा चेहरा एकदा बघावा.

"काढू नकोस," तो म्हणाला. "बाई अजून उतरायच्यात."